सोलरसाठी माझी सही

अगं, मी भित्री आहे हे मी कुठे नाकारते? आमच्या धायरीच्या बालवाडीवर सोलर बसवायला एक संस्था पैसे देणार होती, तेव्हा पोरांच्या सगळ्या आयांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या. मी नाही केली. म्हटलं, पोरांच्या डोक्यावर करंट कशाला? शेवटी बालवाडीच्या शिंदेबाई वैतागल्या. "तुमच्या सहीवाचून सूर्य उगवायचा राहत नाही," म्हणाल्या आणि कागद घेऊन गेल्या.

परवा गुरुवारी त्यांचाच फोन आला. माझ्या परीला धाप लागली होती. मी कामाच्या घरी पोळ्या लाटत होते, तशीच बालवाडीत पळाले. वाफेचं मशीन माझ्या पिशवीत असतंच. ते प्लगला लावलं आणि आठवलं, आमच्याकडे गुरुवारी हमखास लाइट जाते. एका हाताने मास्क धरला आणि डोळे पंख्यावर लावले. पंखा थांबला तर पोरीचं काय, एवढंच डोक्यात.

हळूहळू तिची छाती शांत झाली. "आई, भूक," म्हणाली.

"देवाची कृपा, बाई," मी म्हटलं, "आज लाइट गेली नाही."

बाई तिचा डबा उघडत होत्या. "नऊलाच गेलीय. अजून आलेली नाही."

पंखा तर फिरत होता. "मग हे?"

त्यांनी नुसतं छपराकडे बोट केलं. मी अंगणात जाऊन वर बघतच राहिले. ज्या उन्हापासून रोज लेकीला ओढणीखाली झाकून नेते, तेच ऊन होतं ते.

आत येऊन हळूच विचारलं, "बाई, तो सहीचा कागद आहे का अजून?"

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "उगवला तो."