दुपारी झोपवलेला टॉवर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मुख्य अभियंता साहेब, आणि एकतीस वर्षं माझा तिरसटपणा सहन केलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

साहेब आत्ता माझ्याबद्दल इतकं गोड बोलले, की क्षणभर वाटलं, हा कोण भला माणूस निवृत्त होतोय! मानपत्रात लिहिलंय, यांच्या योजनेमुळे नेटवर्कची अठरा टक्के वीज वाचली. वाचली, खरंच वाचली.

योजना साधी होती. ज्या टॉवरवर ठरावीक वेळेला कोणी फोन करत नाही, तो तेवढ्यापुरता झोपवायचा. तो भाग शेजारच्या टॉवरने सांभाळायचा. रिकाम्या खोलीत दिवा कशाला जाळायचा? हे वाक्य माझंच, जिन्यात अजून लावलेलं आहे.

खाणीजवळच्या टॉवरवर दुपारी एक ते तीन रोज शून्य फोन. मी खूश! यादीत टाकला. त्या टॉवरची देखभाल मामा करायचे. आपल्या सगळ्यांचेच मामा. नव्या मुलांना ते माहीत नसतील, आपण तशी काळजीच घेतली. त्यांचा लगेच फोन आला. "साहेब, त्या वेळेत सुरुंग उडवतात. सगळ्यांचे मोबाइल बंद करून पेटीत ठेवायचा नियम आहे, म्हणून शून्य दिसतंय. पण काही झालंच तर फोन तेव्हाच लागणार ना? आणि शेजारचा टॉवर टेकडीपलीकडे, त्याची रेंज इथे येत नाही."

मी काय म्हणालो असेन? "मामा, तुम्ही पाने-पक्कड सांभाळा, आकडे मला कळतात." हसू नका. तेव्हाही खोलीतले सगळे हसले होते.

अकराव्या दिवशी, दुपारी पावणेदोनला, खाणीत कडा कोसळला. मुकादमाने पेटीतले सहा मोबाइल काढून सुरू केले. एकालाही रेंज नाही. मोटारसायकलवरून माणूस टेकडीपलीकडे गेला तेव्हा कुठे फोन लागला. चाळीस मिनिटं गेली हो! दगडाखाली सापडलेला कामगार छत्तीस वर्षांचा होता. दवाखान्यात नेताना तो वाटेतच गेला.

मग अहवाल आला. बॅटरीच्या देखभालीत हलगर्जी, म्हणून टॉवर बंद. खाली माझी सही. साहेब, मजकूर तुम्ही सांगितलात, पण हात माझाच होता. मामांची नोकरी गेली. मी त्यांच्या घरी गेलो, तर मामींनी विचारलं, "भाऊजी, बॅटरी खरंच खराब होती का हो?" मी चहा अर्धा टाकून उठलो.

त्यानंतर पाच वर्षं मला लाज वाटत होती आणि पाच वर्षं मी बढत्याही घेत होतो. थू आहे माझ्यावर.

अध्यक्ष महोदय, घड्याळ बघू नका, संपवतोच. मामांचा दावा कामगार न्यायालयात अजून चालू आहे. आज सकाळी तिथे मी शपथेवर लिहून दिलं, की बॅटरी ठणठणीत होती, टॉवर मी झोपवला होता. टॉवर झोपवायच्या माझ्या आदेशाची प्रतही जोडलीय. त्यामुळे साहेब, पुढच्या तारखेला आपली गाठ तिथेच पडेल.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. बाकीच्याची माफी तुमच्याकडे मागून उपयोग नाही. त्यासाठी मला दोन घरी जायचंय, आणि त्यातल्या एका घराचा पत्ताही मी आजवर विचारला नव्हता.