बाहुली हसत नाही

आई : कॅमेरा बिघडलाय म्हणतेस आणि मलाच त्याच्यासमोर बसवतेस?

मुलगी : दोन मिनिटं बस गं. कॅमेरा माझा चेहरा बघून पडद्यावरच्या बाहुलीला हलवतो, पण मी हसले तरी ती हसत नाहीये. चारला लाइव्ह जायचंय.

आई : उगाच कशी हसू? वेड लागल्यासारखी?

मुलगी : नुसते दात दाखव.

आई : हे बघ... अगोबाई! हसली की! डोळेसुद्धा मिचकावतेय लबाड.

मुलगी : म्हणजे कॅमेरा ठीक आहे.

आई : मग घोडं अडलं कुठे?

मुलगी : कुठे नाही. ऊठ तू.

आई : मी नाही उठत. बोल.

मुलगी : चार महिने झाले, मला खरं हसूच येत नाही. एक बटण आहे, दाबलं की ती हसते. मी नुसता आवाज देते. आज म्हटलं, बटणाशिवाय बघू जमतंय का.

आई : आणि बघणाऱ्यांना कळत नाही?

मुलगी : उलट म्हणतात, हल्ली फार गोड हसतेस.

आई : सोडून दे ना मग! मन मारून काय करायचंय?

मुलगी : पाच वर्षं हेच हवं होतं गं मला. आता शाळेतल्या मुलांना बोलायला शिकवायचा कोर्स करावासा वाटतोय. सकाळी वाटतं, दुपारी वाटत नाही. आणि तिथे स्वतःचं तोंड घेऊन जावं लागेल.

आई : तोंडाला काय झालंय तुझ्या? माझ्यावर गेलंय.

मुलगी : कोणी बघितलंच नाहीये ते. बाहुलीला लाखभर लोक ओळखतात. पण ती कंपनीची आहे, मी सोडलं तर कंपनी तिच्यामागे दुसरी मुलगी बसवेल.

आई : बसू दे. तुला काय त्याचं?

मुलगी : तेच कळत नाही. सुटले म्हणू, की माझं कोणी गेलं म्हणू? आणखी तीन वर्षं करणार का, ते चारच्या आत कळवायचंय. तीनदा ‘नाही’ लिहून खोडलं.

आई : किती वाजले?

मुलगी : चारला पाच कमी.

(की-बोर्डचा आवाज.)

मुलगी : गेलं. ‘नाही’च पाठवलं.

आई : बाई गं! आणि आता हे काय? हसतेस का रडतेस?

मुलगी : मला नाही कळत. तू बघून सांग.