प्रफुल्लचा आवाज

मंडळी, आणि प्रफुल्लच्या आई, तुम्ही यवतमाळहून इतक्या लांब या शोकसभेला आलात. मी तीस वर्षं वर्गापुढे बोलले, कधी अडखळले नाही. आज अडखळले तर सांभाळून घ्या.

माझं नाव शैलजा. कोथरूडला राहते, शाळेत शास्त्र शिकवायचे. संधिवातानं माझी बोटं अशी वाकडी झाली. प्रफुल्लची तीन बोटं भोसरीच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली. हाताच्या व्यायामाला आम्ही एकाच ठिकाणी जायचो. तिथे तो म्हणाला, "काकू, लढाई खेळता का?" मी म्हटलं, "अरे, मला कुकरचं झाकण लावता येत नाही." तर म्हणतो, "झाकण नाही लावाचं, मुंडकं उडवाचं!"

कॉम्प्युटरवरच्या त्या जगात सगळे कीबोर्ड बडवतात. आम्हाला कसं जमणार? त्यानं मला गेमचा कंट्रोलर आणून दिला. दोन अंगठ्यांनी चालायचं, बाकी सगळं तोंडानं. "वार" म्हटलं की कुऱ्हाड चालायची. "ढाल" म्हटलं की ढाल वर. तो त्याच्या खोलीतून, मी माझ्या घरातून, कानाला हेडफोन लावून. दर रविवारी दुपारी, चौसष्ट वर्षांची मी बाई, माणसं कापायचे. खोटं कशाला बोलू? मजा यायची. शेजारच्यांनी एकदा दार वाजवून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" म्हटलं, "माझं आहे. समोरच्यांचं नाही."

एकच अडचण होती. मध्येच कुणी आरडाओरडा केला, की मशीनला आमचा हुकूम कळायचा नाही. मग प्रफुल्लनंच नियम केला. जो ओरडेल त्याचं नाव घ्यायचं आणि "बंद" म्हणायचं. की आपल्या कानात त्याचा आवाज बंद.

त्या रविवारी आम्ही किल्ल्याच्या दारात होतो. शत्रू अंगावर आलेला, आणि प्रफुल्लचा योद्धा एकदम थांबला. नुसता उभा. कानात दारावर लाथ बसल्याचा आवाज. मग एक माणूस, "माझ्या बायकोच्या मध्ये पडतोस?" प्रफुल्ल म्हणाला, "दादा, मारू नका, बोलू ना आपण." मग लोखंड हाडावर बसलं. एकदा. पुन्हा एकदा. मला वाटलं, खेळातलंच आहे. मग तो ओरडला, "काकू!" मी "वार, वार" म्हणत होते, आणि माझी कुऱ्हाड हलत नव्हती. मला राग आला. मी म्हटलं, "प्रफुल्ल, बंद."

आई, हे मी म्हटलं. आणि किल्ला जिंकला.

संध्याकाळी कळलं. प्रफुल्लच्या शेजारच्या खोलीतला भाडेकरू बायकोला मारायचा. आदल्या दिवशी प्रफुल्लनं त्याचा हात धरला होता. त्या माणसानं लोखंडी रॉडनं त्याचं डोकं फोडलं.

आता तो माणूस म्हणतो, आधी प्रफुल्लनंच हात उचलला. कुठला हात? दोन बोटांचा? मी कोर्टात ऐकलेलं सगळं सांगीन. वकील विचारेल, "पुढे?" पुढे मी काहीच ऐकलं नाही.

पुढचं तुम्ही ऐकलंत. हो, तुम्हीच. प्रफुल्लच्याच मजल्यावरचे, आज पांढरे कपडे घालून पुढच्या रांगेत बसलेले. भिंत इतकी पातळ, की तुमच्या कुकरच्या शिट्ट्या हेडफोनमधून मला कोथरूडला ऐकू यायच्या. आणि पोलिसांना सांगितलंत, टीव्ही मोठा होता. माझे कान खेळात अडकले होते. तुमचे कशात?

मघाशी आईंनी मला विचारलं, "तुमीच का त्या लढाईवाल्या काकू? माहं लेकरू काय बोललं शेवटी?" मी म्हटलं, "मला हाक मारली." त्या म्हणाल्या, "मग तुमी काय बोलल्या?" तेव्हा मी पाण्याच्या निमित्तानं उठले. आत्ता सगळ्यांसमोर सांगितलं.

दोन मिनिटं शांतता पाळायची, असं कार्यक्रमात लिहिलंय. माफ करा, मी पाळू देणार नाही. तो मरत होता तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून पाळली ती. उभे राहा. ज्यांनी त्या दुपारी काही ऐकलं, त्यांनी हात वर करा, आणि उद्या सकाळी माझ्याबरोबर पोलीस चौकीत चला.

हा माझा हात. वाकडा आहे, वर धरला की दुखतो. दुसरा हात वर येईपर्यंत मी खाली घेणार नाही.