शेऱ्यातला ‘बा.’

मॅडम: ...म्हणून त्या चारशे बारा नोंदी वगळल्यात, काका. पाच वाजता नदीच्या पातळीची सगळी माहिती सिस्टीमवर खुली होईल. कुठलाही अभ्यासक ती वापरू शकेल.

मोजणीदार: वगळल्या? अहो, एकतीस वर्षांत एक सकाळ चुकवली नाही मी!

मॅडम: तुमच्याच वहीत आहे. शेऱ्याच्या रकान्यात ‘बा.’ म्हणजे बाद.

मोजणीदार: बाद कोण म्हणालं?

मॅडम: मग काय, बादली?

मोजणीदार: आहे आपलं काहीतरी.

मॅडम: सिस्टीमला ‘काहीतरी’ चालत नाही. अर्थ सांगा, नाहीतर नोंदी गेल्या. आणि नेमक्या पुराच्या दिवसांच्या आहेत हो! लोकांना त्याच हव्यात.

काकू: (चहाचे कप टेबलावर ठेवत) सांगा की आता. बा. म्हणजे बायको.

मॅडम: काय?

काकू: पावसाळा लागला की यांचा गुडघा धरायचा. काठावरच्या पायऱ्या शेवाळलेल्या. मग खांबावरची पट्टी वाचायला मी जायचे.

मोजणीदार: गुडघा खरंच धरायचा!

काकू: हो, पाणी बघूनच धरायचा.

मोजणीदार: नोकरी माझ्या नावावर. वरच्यांना कळलं असतं तर घरी बसवलं असतं मला. पण खोटं लिहायला हातही धजेना. म्हणून ‘बा.’.

काकू: अख्खा शब्द लिहायला शाई पुरत नव्हती!

मॅडम: थांबा, पुलावरच्या यंत्राशी ताडून बघते... काकू, तुमचा एकही आकडा बोटभर चुकलेला नाही!

काकू: आणि यांचे?

मॅडम: काकांचे हिवाळ्यात आठ-आठ दिवस तेच.

काकू: पांघरुणातून मोजलेले दिसतायत.

मोजणीदार: हिवाळ्यात नदी हलते कुठे?

मॅडम: त्या आकड्यांवर ‘संशयास्पद’ अशी खूण करावी लागेल, काका. बरं, मोजणाऱ्यांच्या यादीत काका एक नंबर, काकू दोन नंबर. ठीक?

मोजणीदार: नाही. एक नंबर तिला द्या.

काकू: इश्श, आता कशाला!

मोजणीदार: तू पायऱ्या उतरायचीस आणि मी खिडकीत उभा. तू वर येईस्तोवर जिवात जीव नसायचा माझ्या. लाज वाटायची ती वेगळीच.

काकू: ...हे कधी बोलला नाहीत.

मॅडम: काकूंचं नाव कसं लिहू?

मोजणीदार: पूर्ण लिहा. टिंब नको.