एक्केचाळीस नंबर

...आणि वर मलाच ऐकवतात, ‘बाई, हे काय विचारणं झालं?’ अहो, मी कुठे विचारतेय! मला काय हौस आहे, सकाळी उठून हॅलिफॅक्सची ती जीवघेणी चढण चढायची, कुणाच्या तरी दारात धापा टाकत उभं राहायचं आणि म्हणायचं, नमस्कार, मी जॉइस, तुम्हाला बायका आवडतात की पुरुष? प्रश्न लंडनचे, कागद लंडनचा, मी आपली वाचून दाखवणारी!

आरोग्याची पाहणी हो. वजन, उंची, गुडघे, झोप, सगळं विचारायचं, आणि मधेच हा एक प्रश्न. का? तर कुणाची दुखणी कुठे राहून जातात ते सरकारला कळायला नको? मला पटतं! पण लोकांना पटेल तेव्हा ना! तुम्हाला सांगते, एक शेतकरी मला म्हणाला, ‘शेजाऱ्याने काय सांगितलंय? मग माझंही तेच लिहा.’ नव्वदीची एक आजी म्हणाली, ‘अगं, अजून निवडता येतं होय? दे बघू ते कार्ड!’ बरं, मी हसायचं नाही, डोळे मोठे करायचे नाहीत, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. मी आपली वाचून दाखवणारी!

आता कार्डाचं ऐका, कारण सगळा घोळ त्या कार्डापायी झाला. घरात चारचौघं बसलेली, त्यांच्यासमोर कसं बोलायचं? म्हणून प्रत्येकाच्या हातात एक कार्ड द्यायचं. त्यावर चार उत्तरं. बाईला पुरुष, पुरुषाला बाई, हे एक. गे किंवा लेस्बियन, हे दुसरं. दोन्हींकडे ओढा, हे तिसरं, आणि आणखी काही असेल तर चौथं. प्रत्येकापुढे नंबर, आणि माणसाने फक्त नंबर सांगायचा. गंमत म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या कार्डावर नंबर वेगळे! तुमचे तुम्हालाच ठाऊक. मलासुद्धा कळत नाही कुठला नंबर कशाचा. आहे की नाही डोकं? आहे! पण हे डोकं ज्याने चालवलं ना, तो एनिड बूथला कधी भेटलेला नाही.

एनिड बूथ, वय सत्त्याहत्तर, आणि तिचा धाकटा भाऊ सिरिल, चौऱ्याहत्तर. दोघांनी लग्नं केली नाहीत, आईबापांच्या घरात दोघंच राहतात. मी विचारायची सिरिलला आणि उत्तर द्यायची एनिड. ‘सिरिल, झोप कशी लागते?’ ‘घोरतो!’ ‘सिरिल, गुडघे दुखतात?’ ‘नाटकं करतो!’ ‘सिरिल, जवळचं कुणी येऊन-जाऊन असतं?’ ‘मॉरिस! गेली एकतीस वर्षं दर रविवारी जेवायला. हा आणि तो एकाच डेपोत बस चालवायचे ना, तेव्हापासून.’ सिरिल आपला बिस्किट चहात बुडवतोय, ते विरघळून तळाशी जातंय, पुन्हा दुसरं बुडवतोय.

आणि आला तो प्रश्न. मी दिली कार्डं, वाचलं जसंच्या तसं. एनिडने एक क्षण घेतला नाही, ‘सव्वीस!’ म्हणून अशी ओरडली, जशी काही सोडत निघाली! सिरिलने कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं... आणि मग, खाली बघून, अगदी हळू, ‘एक्केचाळीस.’

‘चुकला!’ एनिड म्हणाली. ‘सव्वीस म्हण! चष्मा कुठाय तुझा?’

‘एक्केचाळीस,’ सिरिल म्हणाला.

‘अरे बावळटा, साधं सरळ माणूस म्हणजे सव्वीस! हे बघ इथे! बाई, याचं खोडा आणि सव्वीस लिहा.’

मी म्हटलं, अहो मिस बूथ, त्यांच्या कार्डावर नंबर वेगळे असतात. ‘असं होय? मग बघू दे त्याचं!’ आणि सत्त्याहत्तर वर्षांची बाई खुर्चीतून उठली, तुम्हाला सांगते, त्या कार्डावर झेपावली! सिरिलचा चेहरा पार पडला. अहो, जन्मभराची सोबत ही एकच बहीण त्याला, आणि ती माझ्या एका कार्डापायी दुरावली तर? नियमात लिहिलंय की उत्तर गुप्त राखा. कसं राखा, ते कुठेच लिहिलेलं नाही. मी ओढलं कार्ड त्याच्या हातातून... आणि बसले त्याच्यावर! हो, बसले! आता उठव म्हणावं!

‘उठा,’ एनिड म्हणाली. ‘नाही,’ मी म्हटलं. ‘माझ्याच घरात?’ ‘तुमच्याच घरात!’

तेवढ्यात सिरिल म्हणाला, ‘असू द्या बाई. एनिड, एक्केचाळीस म्हणजे गे.’

एनिड परत खुर्चीत बसली. म्हणाली, ‘मॉरिस?’

‘मॉरिस,’ सिरिल म्हणाला. ‘तुला सांगणार होतो गं, पण तुझा जीव तुटेल म्हणून... तू रविवारी ओठ रंगवतेस, चांगला ब्लाउज घालतेस, मटणाचा खरपूस तुकडा त्याला वाढतेस. मला वाटलं, तू त्याची वाट बघतेयस.’

‘मी?’ एनिड किंचाळली. ‘अरे, ब्लाउज चर्चमधून येते म्हणून! आणि तुकडा दयेपोटी! मला वाटलं, बिचारा माझ्यासाठी झुरतोय, विचारायचं धाडस होत नाही! एकतीस वर्षं मी ‘नाही’ तोंडात घोळवत बसलेय, सिरिल! त्याला कमीत कमी लागावं म्हणून आरशासमोर सराव केलाय! म्हणजे तो मला कधीच विचारणार नाही?’

‘नाही.’

‘अगदी कधीच?’

‘कधीच नाही गं.’

‘देवा, सुटले!’ म्हणाली आणि जी हसत सुटली, हसता हसता डोळे पुसायला लागली, सिरिलचा हात धरला आणि सोडेचना. आणि मग एकदम ताठ झाली. ‘म्हणजे तो पाहुणा नाही! इतकी वर्षं पाहुणा म्हणून साधी बशीसुद्धा उचलू दिली नाही मी त्याला! लाव फोन त्या मॉरिसला. म्हणावं, रविवारपासून भांडी तुझ्याकडे!’

सिरिल फोनकडे गेला तो चौऱ्याहत्तरीचा वाटत नव्हता, खोटं नाही सांगत. मला तर केक मिळाला. दोन तुकडे! मी अजून कार्डावरच बसलेली, पण आता कुणाला पडलेली नव्हती.

घरी निघताना शेवटचा एक प्रश्न असतो, तो माझा मलाच भरायचा. ‘मुलाखतीच्या वेळी घरातलं आणखी कुणी हजर होतं का? त्यांच्यामुळे उत्तरांवर परिणाम झाला का?’ पर्याय तीन: खूप, थोडाफार, अजिबात नाही. आता मी काय भरू, सांगा! उत्तरामुळे घरावर परिणाम झाला, असा पर्यायच नाही हो लंडनकडे! केकचा चुरा झटकला, चढणीखाली लावलेल्या गाडीत जाऊन बसले, बराच वेळ त्या तीन चौकोनांकडे बघितलं... आणि केली खूण ‘थोडाफार’वर.