होकाराची गाडी

— थांबा, साहेब, लिहू नका. ‘ब्रेक ठीक’ म्हणून लिहायला पेन काढलंत ना? ठेवा ते खिशात. कंपनीने गाड्या परत बोलावल्या, तुम्हाला तपासायला पाठवलं, तुम्ही म्हणालात चालवून दाखवा, मी दाखवली, गाडी थांबली — तुमची काही चूक नाही. पण थांबवली कुणी? ब्रेकने? छे! परत चालवतो, या वेळी माझ्या पायाकडे बघा — समोर नको, पायाकडे... बघितलंत? दोनदा. पहिल्यांदा पेडल नुसतं आत जातं, चिखलात पाय गेल्यासारखं. दुसऱ्यांदा पकडतं. आणि मी ठरवून बसलो होतो हं, एकदाच दाबायचं म्हणून! पाय ऐकत नाही. इतकी वर्षं हिच्यावर काढली — त्याला वाटतं ब्रेक असाच असतो.

तक्रार? केली की. तुमच्यासारखेच एक साहेब आले, आमच्यातलाच एकजण चालवायला बसला, गाडी थांबली, साहेब चहा पिऊन गेले. मग काय, नवीन ड्रायव्हर आला की आम्हीच शिकवायचो — बाबा रे, हिला दोनदा सांगावं लागतं, नवऱ्यांना सांगतात तसं. हसा, हसा, सगळे हसायचे. होकाराची गाडी म्हणायचे हिला. का? अहो, ब्रेक मारला की आतल्या सगळ्यांची मान दोनदा हलते — एकदा किंचित, एकदा जोरात. आरशात बघावं तर अख्खी गाडी हो हो म्हणतेय! घरी कुणी ऐकत नाही, इथे तरी सगळे हो म्हणतात — हा माझ्या धाकट्या भावाचा विनोद. त्याच्याकडे हिचीच जोडीची गाडी होती.

होती म्हणजे — उतारावरून गेली खाली. भरदुपारी. धाकटाही गेला. आणखीही गेले, ते तुम्हाला माहीतच असेल, त्याशिवाय का कंपनीला जाग आली. चौकशीत काय निघालं? ड्रायव्हरला डुलकी लागली. मेलेला माणूस थोडाच येणार आहे सांगायला, जागा होतो म्हणून. एक आजीबाई वाचल्या, त्यांना भेटायला मी दवाखान्यात गेलो. येईल त्याला एकच सांगत होत्या — मान हलली, परत हलली, परत हलली, आणि मग हलेचना. डोक्याला मार लागलाय, बरळतात, म्हणून कुणी लिहून घेतलं नाही. मला कळलं. जागा होता तो. दाबत होता, दाबतच होता. मी त्यांच्यासाठी संत्री नेली होती — तिथेच बसून सोलली आणि मीच खाल्ली. चवबीव काही आठवत नाही.

चौकशीत का नाही बोललो? बोललो असतो तर विचारलं असतं — ठाऊक होतं, तर रोज माणसं भरून का नेत होता? 

फक्त धाकट्याच्या बायकोला सांगितलं. तिने आदल्या रात्री त्याला कपाट हलवायला लावलं होतं, झोपायला उशीर झाला — तेच धरून बसलीय, मीच मारलं, मीच मारलं. ते कपाट अजून तसंच आहे, भिंतीपासून हातभर पुढे, ना इकडे ना तिकडे. म्हटलं, अगं, जागा होता तो. तर म्हणते, भाऊजी, समजूत घालू नका. माझ्या तोंडचं तिला पटत नाही. तुमच्या कागदावरचं पटेल.

तेव्हा या इकडे. माझ्या जागेवर बसा, मी मागे पहिल्या सीटवर बसतो. समोर वाळूचा ढीग आहे, हळू घ्या, काही होत नाही. एकदाच दाबायचं, साहेब — काहीही झालं तरी पाय वर घ्यायचा नाही. घ्या... येऊ द्या... हं, दाबा.

दाबलं?

...मान जोरात हललीच नाही, साहेब. वाळूत गेलो.

लिहा आता. नीट, तिला वाचता येईल असं. आणि खाली उतरून लिहा — मला जरा बसू द्या इथे.