पाण्यात मासा, हवेत कोंबडी

खोटं कशाला बोललात हो बायकोशी? — नाही नाही, चोरून नाही ऐकलं, तुमचं कोपर माझ्या बरगडीत रुतलेलं असताना मी कान कुठे नेऊन ठेवू? “फार हलतंय गं, पुढच्या वेळी तू नकोच येऊस, तुला नाही झेपायचं” — हेच म्हणालात ना, फोन बंद करताना? अहो, विमान जमिनीवर आहे! दार उघडं आहे, ते पलीकडचे काका अजून आपलं बोचकं वरच्या कप्प्यात कोंबतायत. काय हलतंय? तुमची जीभ तेवढी हलतेय. — रागावू नका. म्हणजे रागावलात तरी चालेल, पट्टा लावून झालाय, आता जाणार कुठे? मलाही कुठे जाता येत नाही. माझे हातपाय गार पडलेत, विमानाचं भय आहे मला, आणि मला शिकवलंय की भय वाटलं की बोलत सुटायचं. तर मी बोलणार. तुम्ही खिडकीतून बाहेर बघा, नाहीतर माझ्याकडे बघा, तुमची मर्जी. पण ऐका. तुमच्या बायकोच्या वतीने बोलतेय असं समजा.

मी पोहायला शिकवते. हो, लहान पोरांना, मोठ्यांना, साठी उलटलेल्या बायकांनासुद्धा. गळ्यात शिट्टी, केसांना कायमचा तलावाच्या औषधाचा वास — आत्तासुद्धा येत असेल तुम्हाला. आणि एक सांगते, पाण्याची भीती पोरांना पाण्यातून लागत नाही, काठावरून लागते. पोर छान उतरत असतं पायऱ्या, आणि काठावरनं आई ओरडते — “सांभाळ हं, बुडशील!” झालं. पोराचे पाय तिथेच थिजतात. मी त्या आयांना बाहेर काढते, चक्क हाताला धरून. त्यांना वाटतं आपण काळजी करतोय. काळजी कसली? स्वतःच्या पोटातली भीती काढून पोराच्या पोटात घालतात नि मोकळ्या होतात. मला हे सगळं कळतं बरं का. दुसऱ्याच्या पोरांचं सगळं कळतं. स्वतःच्या घरात, रोज चहाच्या टेबलावर तेच चाललं होतं, तेव्हा माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

कोण म्हणजे? आमचे हे! यंत्रं विकणाऱ्या कंपनीत. मुख्य कचेरी समुद्रापलीकडे, म्हणजे विमानाशिवाय गत नाही, नि ह्यांची सारखी ये-जा. लग्न झाल्या झाल्या एकदा मीही गेले होते त्यांच्यासोबत, त्यात मला उलटी झाली — एकदा! कोणालाही होते — पण तेवढं पुरलं. त्यानंतर दर वेळी घरी आले की बूट काढायच्या आधी सुरू. “आज वाचलो बघ. दगडासारखं खाली आलं विमान. वरून मास्क पडले, बायका रडायला लागल्या. तू असतीस तर जागच्या जागी गेली असतीस.” आणि मग खिशातून काढून माझ्या हातात काय ठेवायचे? अत्तर नाही, रुमाल नाही. ही. ही समोरच्या कप्प्यात असते ना, उलटीची कागदी पिशवी — ही. “तुझ्यासाठी आणली.” दर प्रवासाला एक. आणि मी मूर्ख — हसायचे नि घ्यायचे. वर त्या चुरगळलेल्या असायच्या म्हणून कुरकुर करायचे. तोंडाशी अगदी पिळलेल्या. तळहाताने सपाट करून खणात ठेवायच्या, शिट्टीच्या दोऱ्या, कानातली बुचं घालून ठेवायला बऱ्या पडतात म्हणून. कोरा कागद फेकवत नाही हो आमच्या पिढीला.

आणि चारचौघांत? चारचौघांत तर काय, मी म्हणजे ह्यांचा हातखंडा विनोद. कुठलाही समारंभ असो, कोणाचा निरोप असो, ह्यांनी उभं राहून म्हणायचं — “आमची ही पाण्यात मासा, हवेत कोंबडी!” नि मग नक्कल. माझी. डोळे पांढरे करायचे, गाल फुगवायचे, दोन्ही हातांनी खुर्ची धरायची. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचे, न हसून करते काय? — आं? आलं? सुटलं का? अहो, पळतंय हे — थांबा. थांबा जरा. गप्प बसा. मी फुगे सोडते. फूऽऽ — आम्ही पोरांना तोंड पाण्यात घालून फुगे सोडायला लावतो, श्वास घ्यायची काळजी करायची नाही, नुसता सोडायचा, घेतला तो आपोआप जातो — फूऽऽ — चाकं उचलली त्याचा तो धक्का, माहितीये मला, शिकवणाऱ्या कॅप्टनने सांगितलंय — फूऽऽ.

हं. झालं. बघा, उडाले मी. आहे की नाही? कोंबडी उडाली म्हणावं.

तुम्हाला मुलं आहेत? मान हलवलीत ती हो की नाही? बरं असो. मला एक मुलगी. तिकडेच असते, मुख्य कचेरीच्या त्याच शहरात, हे तिच्याकडेच उतरतात. तिला दिवस गेले तेव्हा म्हणाली, आई, तू ये. बस्स, एवढंच म्हणाली, हट्ट करणारी पोर नाही ती. मी तिकीट काढलं. बॅग भरली, बाळाची अंगडी शिवून घेतली, आणि निघायच्या सकाळी ह्यांनी चहा पिता पिता बातमी वाचून दाखवली. कुठलं तरी विमान, कुठल्या तरी डोंगरावर. अगदी शांत आवाजात, हवामान वाचावं तशी. वर म्हणाले, “तू ये हं पण. मी आहे ना.” माझी पाचावर धारण बसली. मी बॅग उघडली नि एकेक कपडा परत कपाटात ठेवला, आणि हे अंगडी घेऊन एकटे गेले. पुढे मुलगी फोनवर म्हणाली — रडत नव्हती, रडली असती तर बरं झालं असतं — म्हणाली, “आई, बाळ झाल्यावर मला पहिल्यांदा उठवून बसवलं ना, ती हॉस्पिटलातली बाई होती. तिचं मला नावही माहीत नाही.” तेवढंच. त्यानंतर तिने मला कधी ये म्हटलं नाही. तिचा पोरगा आता बोलायला लागलाय. मागच्या आठवड्यात मला विचारतो, आजी, तू फोनमध्येच राहतेस का?

नको, पाणी नको मला. तुम्ही प्या, तुमचेच ओठ सुकलेत.

मग गेले मी शिकायला. ह्यांना न सांगता. असा वर्ग असतो, खोटं नाही सांगत — एक हॉल, खुर्च्या विमानासारख्या ओळीने मांडलेल्या, मधून वाट, नि एक निवृत्त कॅप्टन, टक्कल पडलेला, मोठा गमत्या माणूस. तो इंजिनाचे आवाज ऐकवायचा, हा आवाज कशाचा, तो धक्का कशाचा, सगळं फोड करून सांगायचा. मी घरी येऊन सराव करायचे. लिफ्टमध्ये डोळे मिटून वर-खाली. बागेतल्या झोपाळ्यावर पोरांच्या रांगेत उभी राहून नंबर लावायचे, पोरं म्हणायची बाई वेड्या झाल्या. तर एक दिवस कॅप्टनने विचारलं, तुम्हाला नेमकं कशाचं भय वाटतं? मी म्हटलं, ते मास्क पडतात ना सारखे, त्याचं. तो म्हणाला, सारखे? मी म्हटलं, हो, आमच्या ह्यांच्या विमानात तर दर दोन-चार खेपांना पडतात. — हसला हो तो. टेबलावर हात आपटून हसला. म्हणाला, बाई, मी आख्खा जन्म विमान चालवलं, माझ्या विमानात एकदाही नाही पडले. तुमचे यजमान कुठल्या विमानाने जातात?

सगळा वर्ग हसला. आणि मी बसले होते तिथे माझ्या अंगावरून कोणीतरी गार पाण्याची बादली ओतल्यासारखं झालं. नवऱ्याला जन्मभर अहो म्हटलं मी, त्या क्षणी तो अरे झाला. मनातल्या मनात. — अरे, म्हटलं, तू काठावर उभा राहून ओरडत होतास होय? इतकी वर्षं?

का, ते काही कळेना. बाई असेल म्हणून बघितलं — तुमच्या चेहऱ्यावर तेच आलंय आत्ता — नाही, तसलं काही नाही, उगाच पाप नको. मग म्हटलं, तिकडे एकट्याचे लाड होतात म्हणून. लेक त्याची, नातू त्याचा, आजी फोनमध्ये. काहीही असो. मी उट्टं काढायचं ठरवलं. आज त्याचा सत्कार आहे. नोकरी संपली म्हणून मुख्य कचेरीत मोठा समारंभ, पहिल्या रांगेत लेक, जावई, नातू. तो काल पुढे गेला. जाताना म्हणाला, “तुझी आठवण काढतो भाषणात.” काढ म्हटलं. काढच तू. तो उभा राहील, गाल फुगवेल, हातांनी खुर्ची धरेल, आणि म्हणेल पाण्यात मासा, हवेत — आणि मी दारातून आत येईन. ह्या पर्समध्ये सगळ्या पिशव्या आहेत. दोऱ्या नि बुचं बाहेर काढली, पिशव्या घेतल्या. एकेक करून त्याच्यासमोर मांडणार, लेकीच्या देखत, साहेबांच्या देखत, आणि मास्कची गोष्ट सांगणार. लोकांना हसायचंय ना? हसा म्हणावं. आज माझी पाळी. आणि मग नातवाला उचलून —

अगं बाई! — हे काय? — खड्डा आहे, खड्डा आहे नुसता, हवेतला — फूऽऽ — अहो, मनगट! मनगट सोडा माझं, मोडाल! — अहो? — तुम्हाला काय झालं? एवढा घाम? इकडे बघा. माझ्याकडे बघा, खिडकीकडे नाही. सोडा श्वास. घेऊ नका, सोडा. फूऽऽ. अस्सं. परत. पोरासारखं थरथरताय की हो तुम्ही! म्हणजे मघाशी फोनवर — ते तिच्यासाठी नव्हतंच. “तुला नाही झेपायचं” म्हणजे — बरं बरं, बोलू नका. फुगे सोडा. तो दुसरा हात उघडा बघू, मूठ सैल करा, काय धरलंय त्यात एवढं —

पिशवी.

दाखवा. द्या इकडे. — तोंडाशी पिळलीये. कोरी आहे, नि तोंडाशी पिळलीये. कधीपासून धरलीत? बसल्यापासून? ...थांबा. थांबा, माझ्या पर्समध्ये — ही बघा. ही, आणि ही. आणि ही. सगळ्या. सपाट केल्या मी, पण वळ्या जात नाहीत कागदाच्या. ही बघा बोटं उमटलेली. चार इकडे नि अंगठा तिकडे. तुमच्यासारखीच.

निघायच्या दिवशी तो दोनदा अंघोळ करायचा. मला वाटायचं, टापटिपीचा माणूस. दाराशी हात हातात घ्यायचा, तो बर्फासारखा गार असायचा. मला वाटायचं, आत्ताच धुतलाय.

तोच घाबरत होता. डोळे पांढरे करून, खुर्ची धरून जी नक्कल करायचा, ती माझी नव्हतीच — मला एकदा उलटी झाली, खुर्ची मी कधी धरली हो? तो स्वतःचंच सोंग काढत होता नि नाव माझं सांगत होता! आणि मी शेजारी बसले असते तर मला दिसलं असतं. म्हणून. एवढ्यासाठी. मला दिसू नये म्हणून माझ्या लेकीला परक्या बाईने उठवून बसवलं.

काय म्हणालात? बिचारा? — अहो, घाबरण्याबद्दल कोण बोलतंय! घाबर की! मी घाबरलेल्यांचीच भाकरी खाते, जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना पोटाखाली हात देऊन तरंगत ठेवलंय मी. त्याला नसता दिला? एकदा म्हणायचं होतं — मला भीती वाटते गं. दोघं घाबरत गेलो असतो, हातात हात घालून. बिचारा म्हणे. नका, मला दया शिकवू नका, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा हातात काही आलंय माझ्या.

उतरतंय. कान दुखतायत ना? आवंढा गिळा. — नाही, पिशव्या नाही मांडणार आता. हसं नाही करणार त्याचं. हसं म्हणजे एका संध्याकाळचं, उद्या लोक विसरतील. मी नुसती दारात उभी राहीन, लेकीकडे बघून. ती उठून माझ्याकडे येईल — येईल ना? येईल. आणि रविवारी परतीचं विमान. मी काल फोन करून माझी जागा त्याच्या शेजारची करून घेतलीये. तेव्हा वेगळ्याच कारणासाठी घेतली होती, भांडायला. आता भांडणार नाही. एक शब्द बोलणार नाही. तो पिशवी काढेल, मी बघेन. खड्डा आला की तो हात चाचपेल माझा, तुम्ही चाचपलात तसा. आणि मी माझे दोन्ही हात मांडीवर ठेवून, असे, एकावर एक —

टेकलं. टेकलं हो, हाच तो धक्का.

आता फोन काढा. आधी तिला लावा, माझ्यासमोर, आणि सांगा मघाशी कोणाला भीती वाटत होती ते. मग खुशाल बॅग काढा. — आणि हात सोडा माझा. सोडा म्हटलं ना.